शिवेवरचं मडकं

आमच्या केशोरीकडे माणसांसारखीच बांध्यांनाही नावं असतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. मोहावाली बांधी, दगडाची बांधी, एक तर चक्क भांडणाची बांधी. मी लग्न होऊन आले तेव्हा बोडीजवळच्या एकाच बांधीला नाव नव्हतं. सगळे तिला नुसतं 'ती खालची' म्हणत. मी नेमका तिच्यावरच डोळा ठेवला.

बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं. सासऱ्यांच्या पणजोबांनी ते खोदलं होतं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे आणि सासूबाईंना आत्याबाई. माझ्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात माझ्या दिराने खालच्या बांधीतल्या हरभऱ्यावर जहाल औषध मारलं आणि पंप नेऊन बोडीत धुतला. सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. मामाजी दिवसभर बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत. तेव्हापासून त्या बांधीत औषध बंद, आणि औषध बंद म्हणून हरभराही बंद. धान कापलं की ती उन्हाळ्यापर्यंत नुसती पडून राही.

"ती मला द्या," एकदा जेवताना मी म्हटलं. सगळ्यांचे घास थांबले. सुनेने रोवणीला जावं, निंदायला जावं, पण बांधी मागावी हे कुणी ऐकलं नव्हतं.

"औषध नाई मारायचं, मंग अळी कशानं मारशीन?" मामाजींनी विचारलं.

"ते माझं मी पाहीन."

"पाय मंग. हरभरा पिकला त बांधी तुया हाती. नाई पिकला त पुन्हा वावराची गोष्ट काढायची नाई."

मी हवेत बोलत नव्हते. तालुक्याच्या शेतीशाळेत मी बायकांसोबत जात होते, आणि तिथल्या मॅडमनी आम्हाला अळीचा रोग दाखवला होता. हरभऱ्याचे घाटे, म्हणजे शेंगा, पोखरणाऱ्या घाटेअळीला एक विषाणू लागतो, तो तिलाच लागतो, माशाला नाही, माणसाला नाही. अळी आजारी पडते, झाडाच्या शेंड्यावर चढते आणि उलटी लटकून मरते. ती मेलेली अळी वाटून, गाळून फवारली की पुढच्या अळ्यांना तोच रोग. मॅडम म्हणाल्या, परदेशात तर शास्त्रज्ञांनी या विषाणूत विंचवाच्या विषाचा गुण घातलाय, म्हणजे अळी लवकर आडवी होते. आपला साधा आहे, त्याला वेळ लागतो, तेवढा धीर धरा.

घरी मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई शेंगा सोलत होत्या. "विंचू कायले घालून राहिले वो त्याच्यात? आपला सादाच बरा, दमादमानं मारते," म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांकडे वळल्या. माझ्या बाजूने घरात उमटलेला तो पहिला शब्द होता.

हरभरा घाट्यावर आला आणि अळीही आली. मॅडमनी दिलेल्या बाटलीत अर्ध्या बांधीपुरतंच द्रावण होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी फवारलेल्या अर्ध्यातल्या मेलेल्या अळ्या वापरायच्या, असा हिशेब. उन्हाने विषाणूचा जोर जातो म्हणून फवारायचं दिवस कलल्यावर, आणि त्यात थोडा गूळ आणि कपड्यांची नीळ घालायची. नीळ घरात एकाच कामाची होती, मामाजींच्या धोतराची. ती मी सगळी नेली. पंप पाठीवर घेतला आणि निळं पाणी मारत अर्धी बांधी फिरले.

मग वाट पाहणं आलं. अळ्या मजेत खात होत्या, मामाजींचं धोतर पिवळं पडत होतं आणि दीर बांधावर उभा राहून विचारत होता, "भाभी, अळ्यांचे धोतरं धुऊन राहिली का?" राग असा येई की पंपाची नळी त्याच्याच तोंडावर धरावी. उरलेला अर्धा हरभरा अळ्या डोळ्यांदेखत पोखरत होत्या.

आणि एका संध्याकाळी पाहते तर शेंड्याशेंड्यांवर अळ्या उलट्या लटकलेल्या! काळवंडलेल्या, लिबलिबीत. एवढं किळसवाणं दृश्य पाहून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. अंधार पडत होता म्हणून सकाळी गोळा करू म्हटलं. सकाळी गेले तर झाडं स्वच्छ. एक अळी नाही.

"म्या वेचल्या," आत्याबाई अभिमानाने म्हणाल्या. त्या माझ्याआधी उठून गेल्या होत्या. "रोगाच्या अळ्या वावरात ठेवतेत का? मडक्यात भरल्या अन् शिवेबाहेर ठेवून आली. घेऊन जा री मारबोद, म्हटलं."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असंच करतात. घरातली रोगराई, इडापीडा ती वाहून नेणाऱ्या मारबोदीच्या हवाली करून शिवेबाहेर टाकतात आणि मागे वळून पाहत नाहीत. बाहेर टाकलेलं गावात परत आणायचं नसतं. आत्याबाईंनी माझ्या भल्यासाठीच माझं औषध गावाबाहेर टाकलं होतं.

मी धावत शिवेवर गेले. पळसाखाली मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. उचललं तोच मागून हाक आली.

"ठेव ते खाली!" आत्याबाई धापा टाकत पोचल्या होत्या. "टाकलेली पीडा घरी आनतेस?"

"आत्याबाई, हेच माझं औषध आहे. हे गेलं तर बांधी गेली." बोलताना मला रडू फुटलं.

त्यांनी मडक्याकडे पाहिलं, मग बोडीकडे. बांधी शिवेला लागूनच होती, मध्ये फक्त नाला.

"पीडा कोनाची होय? अळीची," शेवटी म्हणाल्या. "मंग अळीलेच जाऊ दे. पन गावातून नाई न्यायची."

मग त्या पळसाखालीच बसल्या. मला दगड शोधायला लावला, अळ्या मलाच वाटायला लावल्या आणि गाळायला स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून दिला. मी घरून पंप आणला, दुकानातून नीळ. दिवस कलल्यावर नाल्यातून उतरून आम्ही सरळ बांधीत गेलो. मी फवारत होते आणि त्या मागून बजावत होत्या, "हे झाड राह्यलं वो! काऊन घाई करून राह्यली?"

उरलेल्या अर्ध्यातल्याही अळ्या लटकल्या तेव्हा पहिली आरोळी आत्याबाईंचीच होती, पार घरापर्यंत ऐकू गेली. मामाजी आले. वाकून त्यांनी एकेक शेंडा पाहिला, घाटे दाबून पाहिले, मग बोडीच्या काठाशी जाऊन उभे राहिले. पाण्यात मासे उड्या मारत होते. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

हरभरा भरघोस झाला. दिरानेच तो बैलगाडीत भरला आणि गुपचूप भरला. मामाजी मात्र गप्पच. बांधीचा शब्द ते विसरले की काय, या विचाराने मी आतून जळत होते.

पाऊस लागला, धानाच्या चिखलणीला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने अंगणातूनच विचारलं, "कोनत्या बांधीपासून सुरू करू, बुढा?"

मामाजी पांढऱ्याशुभ्र धोतराचा सोगा सावरत उठले.

"सुनेच्या बांधीपासून," ते म्हणाले. "अन् तिले इचारून कर."