टँकरच्या रांगेतलं इंग्रजी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नळाला पाणी नव्हतं. आमच्या कॉलेजच्या इंग्रजी मंडळात किस्से मात्र रोज भरून ठेवावेत इतके. मी धर्माबादहून नुकतीच लग्न होऊन आलेली विद्यार्थिनी. घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून ते साठत गेले.

*

मंडळाचा नियम एकच: बैठकीत मराठी बंद. पहिल्या बैठकीत पंखा तेवढा बोलला. शेवटी सेक्रेटरी मन्मथ, आडत्याचा पोरगा, उठून "थँक्यू" म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"शिस्त शिकावी तर या नव्या सूनबाईंकडून," इंग्रजीचे सर म्हणाले. एक शब्द न बोलता मी इंग्रजी मंडळाची उपाध्यक्ष झाले.

*

मग भित्तिपत्रक काढलं. कागद कणकेच्या खळीनं चिकटवले. दुष्काळात चाऱ्याची बोंब, त्यामुळे एका शेळीनं सगळा अंक खाल्ला. फक्त मन्मथचा निबंध ठेवला.

"बघा सर, माझाच राहिला."

"हाव. तिलाबी चव कळते," सर म्हणाले.

*

मी लिहिलेल्या गोष्टीच्या वाचनाला एकच श्रोता आला, कॉलेजचा शिपाई. शेवटपर्यंत हलला नाही. मला भरून आलं. विचारलं, "मामा, आवडली का?"

"बाई, मला कुलूप लावायचंय."

*

या सगळ्यात मला घरी जायला उशीर होऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, "काय बोलत असता रोज, ते मला ऐकव. पटलं तर जा, न्हाई तर मंडळ बंद."

मी रडकुंडीला येऊन मन्मथला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, आपल्याला श्रोते भेटून नाही राहिले. आन् टँकरच्या रांगेतून तर कुणी हलत नाही. वादविवाद तिथंच घेऊ."

*

तर आमच्या गल्लीत घागरींची लांबलचक रांग, सासूबाईंची घागर पार शेवटी आणि टँकरचा पत्ता नाही. विषय, शहर बरं की खेडं. मी खेड्याच्या बाजूनं. सासूबाईंकडे न बघता पाठ केलेलं सगळं इंग्रजी एका दमात म्हणून टाकलं.

पुढची बाई सासूबाईंना म्हणाली, "तुमची सून काय म्हणून राहिली ओ?"

सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांनी शांतपणे घागर उचलली.

"माझ्या सासूचा नंबर पहिला हाय, म्हणून राहिली."

घागर थेट रांगेच्या तोंडाशी नेऊन ठेवली. तेवढ्यात मन्मथ मला उत्तर द्यायला उठला. हात आपटून, घसा ताणून इंग्रजी बोलू लागला.

"आन् हे पोरगं? हे तर भांडूनच राहिलंय."

"कुठं भांडतंय? बरोबर हाय म्हणतंय."

टँकर आला, आमची घागर पहिली भरली. घरी येताना सासूबाई उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, "परवा पुन्हा टँकर हाय. त्या पोराला सांगून ठेव."

परवा त्या दोन घागरी घेऊन आल्या.