अलकाताईचा चेहरा काढताना

दाजींचा फोन आला तेव्हा मी एका भावी सरपंचाच्या गळ्यातली सोन्याची साखळी जाड करत होतो. शिरूरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साखळी बारीक दिसली की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. दाजी म्हणजे माझ्या मानलेल्या बहिणीचे, अलकाताईचे मालक, दौंडला रेल्वेत नोकरीला, फोनवर कामापुरतं बोलणारे. म्हणाले, "संतोष, तुझी ताई गेली." मी विचारलं, "कुठं?"... खरंच असं विचारलं मी. आदल्या दिवशी रविवार होता. माझ्या चित्रातल्या पैलवानाचा खांदा निखळलेला दिसतोय, असं तिनं आमच्या चित्रं काढणाऱ्यांच्या ग्रुपवर लाल रेघा मारून मला दाखवलं होतं, वर "ह्याला आधी दवाखान्यात ने," असंही लिहिलं होतं. अशी बाई सोमवारी सकाळी झोपेतून उठतच नाही, हे कुणाच्या डोक्यात शिरणार? हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. चाळिशी नुकती ओलांडली होती तिनं.

फोन ठेवायच्या आधी दाजी एवढंच म्हणाले, "बोर्ड तूच कर." आमच्याकडं माणूस गेलं की पाहुणे पोचायच्या आत श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, आणि असे फ्लेक्स मी किती केलेत त्याला गणती नाही. कुणाच्या तरी लग्नातला तिचा हसरा फोटो दाजींनी पाठवला. मी मागची माणसं उडवली, चेहरा जरा उजळ केला, खाली समई, वर ढग, कोपऱ्यात कमळ, आणि ठरलेली अक्षरं. रडत रडत केलं, पण हात सवयीनं चालत होता. गुंडाळी गाडीला बांधून मी दौंड गाठलं आणि रेल्वे कॉलनीच्या गेटवर बोर्ड चढवला. तेवढ्यात मांडवगण फराट्याहून जीप आली. ताईची आई उतरली, दोन बायकांनी तिला धरलं होतं. गेटपाशी ती थांबली, वर बघितलं आणि म्हणाली, "ही कोण?" कुणीतरी म्हणालं, "आवं, आपली अलका न्हाई का?" म्हातारी म्हणाली, "न्हाई. माझी अलका अशी न्हवती." आणि आत गेली. बाकीच्यांना वाटलं, दुःखानं भ्रमिष्ट झाली. मी मात्र सुतळीचं टोक हातात धरून तिथंच उभा राहिलो, कारण म्हातारी शंभर टक्के बरोबर बोलली होती.

ताईची आणि माझी ओळखच मुळी भांडणातून झाली. बैलगाडा शर्यतीचा एक फ्लेक्स मी दुकानाबाहेर टांगला होता. बाकीचे दुकानदार नेटवरून बैल उचलतात, हा मात्र कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी, पेन टॅबलेट, घेतल्यावर मी स्वतःच्या हातानं काढलेला पहिला बैल होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो मुद्दाम दाखवायचो. भाच्याच्या बारशाचा फ्लेक्स करायला ही बाई आली आणि दारातच थबकली. "बैल कुणी काढलाय?" मी छाती फुगवून म्हणालो, "मी." ती म्हणाली, "मग मागचे पाय माणसाचे का लावलेत?" माझं डोकंच सटकलं. "ताई, तुम्हाला बारशाचा फ्लेक्स पाहिजे का बैल पाहिजे?" तर ती सरळ स्टुलावर बसली, माझा पेन उचलला आणि विचारलं, "ह्याच्यात नवी लेअर कुठनं घ्यायची?" लेअर म्हणजे चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागद समजा, खालचं न बिघडवता वर गिरवता येतं. गिऱ्हाइकाच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिनं लाल रंग घेतला, मागच्या पायांवर रेघा ओढल्या, आणि शप्पथ सांगतो, माझा बैल पळायला लागला! ती म्हणाली, "तोंड पाडू नको. मलाबी येत न्हवतं. आबांच्या मेंढ्यांचे पाय काढून काढून हात मोडला, तवा कुठं जमलं." बारशाच्या फ्लेक्सचं दोघंही विसरलो होतो. पुढं ती माझी ताई झाली आणि तिच्याशी बोलताना 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते कळलं नाही.

आबा म्हणजे तिचे वडील. धनगराचं घर, आजोबांच्या काळात मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरणारं, आता मांडवगणला शेतात स्थिरावलेलं. ताई लग्न होऊन दौंडला आली, आधी मोबाइलवर बोटानं चित्रं काढायची, मग दाजींनी जुना टॅबलेट आणून दिला. शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून तिनं आमचा ग्रुप काढला, त्याचं नाव 'लाल रेघ'. ताई, मी, दौंडला मोबाइल दुरुस्त करणारा इरफान आणि तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवणारी शुभांगी. ग्रुपचा कायदा ताईचा. दर रविवारी प्रत्येकानं एक चित्र टाकायचं. बाकीच्यांनी त्यावर लाल रेघांनी दुरुस्ती करून परत पाठवायची. ज्याचं चित्र त्यानं तोंड उघडायचं नाही, सबबी सांगायच्या नाहीत. आणि कुणी 'छान' असं लिहिलं, तर त्यानं पुढच्या भेटीत सगळ्यांना भेळ द्यायची. इरफाननं पहिल्या वर्षात इतकी भेळ खाऊ घातली की भेळवाला त्याला पार्टनर म्हणायला लागला. मी कधी दिली नाही. माझ्या तोंडून चांगलं तसंही सहजी निघत नाही.

चित्रं टाकणं वेगळं, त्याआधीची तालीम वेगळी. तिला आम्ही स्टडी म्हणायचो. स्टडी म्हणजे कुणाला दाखवायला नाही, आपला हात आणि डोळा घासायला काढायचं. आम्ही दौंड स्टेशनच्या बाकावर बसून माणसं काढायचो, कारण गाडी लेट असली की माणूस हलत नाही. जुन्या चित्रकारांची चित्रं उघडून ताई त्यातले फक्त उजेड आणि सावली एवढेच दोन तुकडे काढायची; ना रंग, ना नाक, ना डोळे. मला ते बघूनच जांभया यायच्या. एक अख्खा उन्हाळा तिनं फक्त हात काढले, आणि तेही आईचे. सुट्टी मिळाली की मांडवगणला जायची, आईला उंबऱ्यात तूर निवडायला बसवायची आणि समोर मांडी घालून काढत राहायची. म्हातारी वैतागायची, "तूर सपली की गं!" मग ही निवडलेली तूर पुन्हा न निवडलेल्यात ओतायची. शिव्या खायची आणि काढायची. त्या हातांवर आम्ही ग्रुपवर तुटून पडायचो. अंगठा लांब, मनगट सुजलेलं, बोटं म्हणजे गवारीच्या शेंगा. ती एका शब्दानं उलट बोलायची नाही, पुढच्या रविवारी नवे हात टाकायची. पावसाळ्यात एका रविवारी तिनं जो हात टाकला, त्यावर आम्हा तिघांपैकी कुणालाच लाल रेघ ओढता आली नाही. शुभांगीनं लिहिलं, "भेळ माझ्याकडून." बास, एवढंच लिहिलं.

चुका काय तिच्या हातून झाल्या नाहीत? एक तर अशी केली की आमच्याच धंद्यातल्या माणसाकडून व्हावी. चित्र काढताना आम्ही ते मधेच आरशात बघितल्यासारखं उलटं फिरवतो, म्हणजे डोळ्याला सवयीनं न दिसणारा वाकडेपणा दिसतो. बघून झालं की परत सुलटं करायचं असतं. एका दिवाळी अंकाचं चित्र ताईनं तसंच उलटं पाठवलं आणि ते तसंच छापून आलं. बाईचा पदर उजव्या खांद्यावर आणि भाकरी डाव्या हातात! कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या नणंदेनं मात्र अंक चाळताना विचारलं, "वहिनी, ही बाई कुठल्या देशाची?" ताई इतकी हसली, इतकी हसली की दाजी ड्यूटीला जाता जाता माघारी आले. त्या दिवसापासून काम पाठवण्याआधी आम्ही एकमेकांना एकच विचारतो, "पदर बघितला का?" मी बैल पाठवला तरी इरफान हेच विचारतो. नंतर तिला लहान मुलांच्या पुस्तकांची कामं यायला लागली. त्यातल्या मेंढ्या बघा, त्यांच्यामागं चालणाऱ्या बाया बघा. गोड गोड केलेलं काही नाही, सगळी खरी माणसं. आणि माझं म्हणाल, तर बैलाचा मागचा पाय माझ्याइतका कुणी काढून दाखवावा, तालुक्यात मी पैज लावायला तयार आहे. तो पाय तिचा आहे.

तर अशा बाईचा बोर्ड मी ढग आणि कमळ लावून केला होता. तिसऱ्या दिवशी मी म्हातारीसमोर जाऊन बसलो आणि विचारलं, "मावशी, काय चुकलं माझं?" ती म्हणाली, "हसती दाखवलीस तिला. मला पुढ्यात बसवून घ्यायची, तवा कुठं हसायची ती? मी तिचं त्वांड बघत बसायची, दुसरं काय काम हुतं मला." ... आणि मग माझा हात धरून म्हणाली, "दशक्रियेला समदी येत्याल. तितं माझी लेक लाव बाबा. त्या दुसऱ्या बाईला नगं." बोलायला सोपं होतं. काम करतानाचा ताईचा एक फोटो कुणाकडं असेल तर शपथ! फोटो काढतोय म्हटलं की ती पेन ठेवायची, चष्मा काढायची आणि हसायची. म्हणजे आता नुसत्या आठवणीतून काढायचं, आणि बघणारी कोण, तर जिनं ते तोंड जन्मभर बघितलं ती आई. मी बैलांचा माणूस. पण दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसलो.

पहिलं चित्र काढून ग्रुपवर टाकलं. इरफाननं हात जोडल्याची खूण पाठवली. शुभांगीनं रडका चेहरा पाठवला आणि लिहिलं, "छान काढलंस रे." मी फोन लावून दोघांना झापलं. "छान? तिच्या चित्राला छान? तिनं हे बघितलं असतं तर तिघांना प्लॅटफॉर्मवर उभं केलं असतं! ही ताई आहे का? सांगा, आहे का?" शुभांगी रडत रडतच म्हणाली, "नाही रे. ही कुणीतरी शहाणी बाई आहे." मी म्हणालो, "मग रेघा मारा." आणि मग मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. शुभांगीनं लिहिलं, काम करताना ती खालचा ओठ दातांत धरायची, डाव्या बाजूला जास्त. इरफान म्हणाला, "भाई, चष्मा लई वर घेतलास, तो नाकाच्या शेंड्यावर असायचा, आन् ती वरनं बघायची." मी खोडलं, काढलं, पाठवलं. पुन्हा लाल. कपाळाला आठी आहे, पण रागाची नाही. केसांत खोचलेली पेन्सिल कुठं गेली? मान एवढी ताठ कशी, टॅबलेट तर मांडीत असतो. चित्र उलटं फिरवून बघितलं, सुलटं केलं, पदर बघितला. रडायला येत होतं, पण खरं सांगतो, इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी कधी झालं नव्हतं, आणि करता करता मला ते कळतही होतं. दशक्रियेच्या आदल्या दुपारी मी जे पाठवलं, त्यावर कुणाचीच रेघ आली नाही. इरफाननं फक्त विचारलं, "किती फुटी छापतोस?"

भीमेच्या घाटावर बोर्ड लावला तेव्हा पाहुण्यांत कुजबुज झाली. ना ढग, ना समई. मांडी घालून बसलेली, खाली वाकून काम करणारी बाई, आपल्याकडं बघतसुद्धा नाही. ताईचे एक चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणं, श्रद्धांजलीच्या बोर्डावर माणूस समोर बघतं. ह्याला हार कसा घालायचा?" मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, "राहू द्या. घरात ती अशीच बसायची." म्हातारी बोर्डासमोर उभी राहिली. विधी उरकल्यावर तिनं नातवाला सांगितलं, "ही गुंडाळ. मांडवगणला न्यायचीय."

परवा मी मांडवगणला गेलो होतो. फ्लेक्स तिनं सोप्यात, दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीला लावून घेतलाय. ज्या उंबऱ्यात ती तूर निवडत बसते, तिथून ताई समोर दिसते. मी कडेला चहा पीत होतो. पाहुणा आहे म्हणून म्हातारीनं हातातलं काम थांबवलं नाही. निवडता निवडता तिनं एकदा वर बघितलं आणि वैतागून, रोज सांगून थकल्यासारखं, भिंतीकडं बघत म्हणाली, "आगं, मान वर कर की जरा. दुखंल."