सोड म्हणेपर्यंत

हलवे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण त्या गल्लीत तीस वर्षं गॅरेज चालवल्यावर खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कुठलीही गोष्ट हलवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. कुणी बसायला खुर्ची दिली की आधी तिची पाठ धरून हलवायचे, मग बसायचे. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला गेले तर व्याह्यांच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय ढिला निघाला, आणि हलव्यांनी खिशातून पाना काढून तो तिथल्या तिथे आवळून दिला. बायकोनं कपाळाला हात लावला. व्याही मात्र खूश झाले. ते लग्न जमण्यात टेबलाचा मोठा वाटा होता, असं हलव्यांचं ठाम मत होतं.

जुन्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन हा त्यांचा हातखंडा. खड्ड्यात गेल्यावर पुढून टक् असा आवाज येतो, स्टिअरिंग भलतीकडेच ओढतं, टायर एकाच बाजूनं झिजतो, असली दुखणी लोक त्यांच्याकडे पाठवायचे. हलवे गाडी जॅकवर घ्यायचे, एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि हलवायचे. चाक डुगडुगलं की प्रश्न उरायचा एकच: बेअरिंग की बॉल जॉइंट? बेअरिंगवर चाक फिरतं. बॉल जॉइंट ही खोबणीतली गोळी, अख्ख्या चाकाला खालून धरून ठेवते. दोन्ही झिजले तरी हाताला लागतं ते सारखंच. फरक कळायला आत कुणीतरी ब्रेक दाबून बसावं लागतं. ब्रेक दाबल्यावर डुगडुग थांबली तर बेअरिंग. तरी चालू राहिली तर बॉल जॉइंट.

हे आत बसणारं कुणीतरी म्हणजे त्यांची बायको. घर गॅरेजच्या मागेच. हलव्यांनी चाकापाशी उकिडवं बसून "अगं" अशी हाक मारली की ती हातातलं काम टाकून यायची, ओले हात पुसत ड्रायव्हरच्या सीटवर बसायची.

"धर."

"धरलंय हो!"

मग खटखट. मग "सोड". आणि हे सोड कानावर येईपर्यंत ती पाय उचलायची नाही, बाहेर जग इकडचं तिकडे होवो. एकदा धर म्हटल्यावर शेजारच्या टायरवाल्यानं हाक मारली, म्हणून हलवे तिकडे गेले. चहा घेतला, दुसऱ्याच कुणाच्या भांडणात पंच झाले, पाऊण तासानं परत आले, तर ही आत बसलेली. पाय ब्रेकवर, मांडीवर मटाराचं भांडं, निम्मे सोलून झालेले.

"अगं, उठायचं नाही का?"

"तुम्ही सोड कुठे म्हणालात?"

गल्लीला ते वर्षभर पुरलं. टायरवाला अजून सांगतो.

सात आठवड्यांपूर्वी ती गेली. दवाखान्यात अकरा दिवस होती. हाताला काही धरायला नसलं की सलाइनच्या सुईशी चाळा करायची, म्हणून सतत तिच्या हातात काहीतरी द्यावं लागायचं. शेवटच्या दुपारी हलव्यांना खाली सही करायला बोलावलं. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि चष्म्याचं रिकामं घर तिच्या हातात दिलं. "धर, आलोच." तिचे ओठ हलले. धरलंय, असंच म्हणाली असणार, दुसरं काय म्हणेल. खाली रांग होती. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. चष्म्याचं घर मुठीत तसंच होतं. नर्सनं एकेक बोट उलगडून ते सोडवलं आणि हलव्यांच्या हातात ठेवलं.

हलवे रडले नाहीत. लोकांनी वाट पाहिली, मुलीनं पाहिली, त्यांनी स्वतःही पाहिली. काही आलंच नाही. भूक वेळेवर लागायची, झोपही लागायची. मुलगी आठ दिवस राहून गेली, तिनं आईचे कपडे कपाटातून काढले तेव्हा हलवे दारात उभे राहून कपाटाचं बिजागर हलवून बघत होते. हात शाबूत होते. बाकी सगळं बधिर.

"बाबा, शटर ओढा आणि माझ्याकडे या," मुलगी रोज फोनवर म्हणायची.

"बघू," हलवे म्हणायचे. नाही म्हणायचीसुद्धा इच्छा होत नव्हती.

त्यांनी गॅरेज उघडलं ते सवयीनं. आणि उघडलं त्याच आठवड्यात बाई गाडी घेऊन आल्या. बाई म्हणजे गाडी शिकवणाऱ्या बाई. गाडी वीस वर्षांची, डोक्यावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक. पुढून टक् टक् येतंय, बाई म्हणाल्या, आणि चावी ठेवून गेल्या.

हलव्यांनी चाक धरून हलवलं. डुगडुगत होतं. "अगं" ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. टायरवाल्यानं पलीकडून पाहिलं आणि हात पुसत आला. "मी बसतो आत."

"नको," हलवे म्हणाले. "बेअरिंगच आहे."

बेअरिंग गेलं तर गाडी घूं घूं आवाज करते, टक् करत नाही. हे हलव्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. बेअरिंग बदललं, चाक चढवलं, आणि काम झाल्यावर पुन्हा हलवून न बघता गाडी देऊन टाकली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

चौथ्या दिवशी सकाळी बाई परत आल्या. सोबत विद्यार्थी नव्हता.

"काका, आवाज तसाच आहे. वाढलाच म्हणा. काल एक आजोबा शिकत होते, स्पीडब्रेकरवर असा दणका झाला की त्यांनी दोन्ही हात वर केले. स्टिअरिंग सोडून! मी होते म्हणून बरं."

हलवे चाकाकडे बघत उभे राहिले. बेअरिंग नवं घातलंय, म्हणजे उरतो तो बॉल जॉइंट. आणि तो इतका सैल झाला असेल तर एखाद्या वळणावर गोळी खोबणीतून निसटते, चाक आडवं होतं आणि गाडी नाकावर बसते. चार दिवस त्या गाडीत नवशिकी माणसं बसत होती. अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. आला नाही याचंच हलव्यांना भय वाटलं.

"बाई, गाडी दुसरीकडे न्या," ते म्हणाले. "चालवत नको, ओढून न्या. माझा हात गेला आता. मी संध्याकाळी मुलीला फोन करतो आणि शटरची किल्ली टायरवाल्याला देतो."

बाईंनी पर्स बॉनेटवर ठेवली. रोज नवी माणसं वाहनांच्या गर्दीत घेऊन जाणारी बाई, ती अशी हलणार होती थोडीच. "किल्ली कुणाला द्यायची ती द्या. आधी काय बिघडलंय ते तर सांगाल? नुसतं हात गेला म्हणून कसं चालेल?"

"बघायला आत माणूस लागतं. ब्रेक दाबायला."

"मग मी काय शोभेला उभी आहे?" म्हणत बाईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"तिथे नको!"

हलव्यांचा आवाज इतका चढला की टायरवाल्यानं पलीकडून मान बाहेर काढली. बाई दार धरून उभ्या राहिल्या. "माझ्याच गाडीत मी कुठे बसायचं ते तुम्ही सांगणार?" म्हणाल्या, आणि मग त्यांचं लक्ष हलव्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी दार हळूच लावलं. "बरं. मला तरी ती सीट कुठे लागते? अठरा वर्षं मी दुसऱ्या बाजूला बसूनच ब्रेक मारतेय."

वळसा घालून त्या शिकवणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसल्या. ड्रायव्हरची सीट रिकामीच राहिली. हलव्यांनी जॅक लावला.

"धरा."

"दाबलाय!"

चाक अजून डुगडुगत होतं. हलव्यांनी वर-खाली दोनदा हलवलं, आणि तिसऱ्यांदा हलवायला गेले तर चाक भलतंच सैल लागलं. बाईंनी पाय काढला होता.

"सोडा म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही," हलवे चाकाआडून म्हणाले.

"मला वाटलं झालं."

"झालं की मी सांगतो. तोवर धरून ठेवायचं. असंच असतं इथे."

"बरं बाबा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा ब्रेक दाबला. चाक पुन्हा डुगडुगलं. आता शंकेला जागा नव्हती. "सोडा," हलवे म्हणाले, आणि पाना घेतला.

पुढचा तास बाई बाहेर स्टुलावर बसून होत्या. हलव्यांनी चाक उतरवलं, नट सैल केला, जॉइंटच्या बाजूला हातोड्याचे मोजके दणके घातले आणि तो सोडवला. वरचं रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी वाळूचा चिखल. सवयीनं त्यांनी तो कानापाशी नेऊन हलवला. गोळी आत खुळखुळली. इतक्या सैल जॉइंटवर आजोबांनी दोन्ही हात वर केले होते. हलव्यांनी तो बाईंच्या हातात दिला. बाईंनीही हलवून पाहिला आणि स्टुलाखाली ठेवला.

नवा जॉइंट बसला. नट आवळला, पिन घातली, चाक चढवलं. आता राहिलं ते मागच्या वेळी राहिलं होतं तेच. हलवे चाकासमोर उकिडवे बसले.

"बाई, बसता परत?"

बाई आपल्या जागी बसल्या.

"धरा."

"दाबलाय."

हलव्यांनी चाक वर-खाली धरून हलवलं. जोर लावला. चाक ढिम्म. ब्रेक सोडला तरी ते आता डुगडुगणार नाही, हे हातांना आधीच कळलं होतं. हात गेला नव्हता. कुठेच गेला नव्हता.

आता सोडा म्हणायचं होतं. हलव्यांचं तोंड उघडलं आणि शब्द येईना. समोर काचेतून बाईंचा खांदा दिसत होता आणि त्यापलीकडे रिकामी सीट, तिच्या पाठीला पडलेला खड्डा. ते हात चाकावर तसेच ठेवून बसून राहिले. पलीकडे टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू झाला, बंद झाला, पुन्हा चालू झाला. सांगितलं होतं, म्हणून बाई धरून बसल्या.

त्या दुपारी धर म्हणून आपण खाली गेलो. सही केली, रांगेत उभे राहिलो, पुढच्या माणसाशी पंखा बंद आहे म्हणून बोललोसुद्धा. ती वर धरून होती. शेवटपर्यंत धरून होती, आणि सोड म्हणायला आपण नव्हतो. बोटं नर्सला उलगडावी लागली.

"काका," आतून बाईंचा आवाज आला, "पायाला मुंग्या यायला लागल्या. सोडू का?"

हलव्यांनी मान खाली घातली.

"सोड," ते म्हणाले.

हलवे गिऱ्हाइकाला कधी एकेरीत बोलायचे नाहीत, बाईंना तर नाहीच. बाईंनी वळून पाहिलं नाही. पाय अगदी हळू उचलला, नवशिक्याला शिकवतात तसा. हातातलं चाक मोकळं झालं आणि जरासं फिरलं, आणि हलव्यांना इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की त्यांनी टायरलाच कपाळ टेकलं आणि ते मोठ्यानं रडले. टायरवाला दारात आला आणि तिथूनच परत गेला.

बाई आत बसून होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "परत धरू?"

"नको," हलवे म्हणाले. "झालं."