मूळ, पहिला चरण

रहाटणीत भाग्यश्रीला लोक ताऱ्यांच्या ताई म्हणत. चिंचवडकडच्या एका तारांगणात ती वर्षानुवर्षं कार्यक्रम सांगत आली होती. दिवे मालवून गोल छतावर आभाळ उमटलं, की त्या काळोखात तिचा आवाज तेवढा उरायचा. शाळांच्या सहली, सोसायट्यांतले ज्येष्ठ नागरिक, सुट्टीला बायकामुलं घेऊन आलेले चाकणचे कामगार, सगळ्यांना ती त्याच चिकाटीनं सांगायची, की पत्रिकेतली रास आणि आभाळातली रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्याच्या वाटेचे ज्योतिषानं मोजून बारा सारखे तुकडे केले. आभाळातले तारकासमूह काही असे मापात कापलेले नाहीत. कन्येत सूर्य दीड महिना रेंगाळतो, वृश्चिकातून आठवड्यात बाहेर पडतो. आणि तिथून तो धनूत जात नाही, आधी भुजंगधारीत जातो. हा तेरावा गडी सूर्याच्या वाटेवर उभा आहे, पण बारा राशींत त्याला कुणी घेतलेलं नाही. लोक हसायचे, दिवे लागले की बाहेर पडायचे आणि मोबाईलवर आजचं भविष्य बघायचे. भाग्यश्रीला हे माहीत होतं. त्याचा तिला रागही यायचा, पण घरी पोचेपर्यंत तो निवायचा.

त्या वर्षी मात्र तो निवला नाही, कारण भानगड घरातच उपटली.

तिचा धाकटा भाऊ पिंटू. पन्नाशी आली, जमिनीचे व्यवहार आणि दोन जेसीबी सांभाळतो, तरी अख्ख्या गावाला तो पिंटूशेठच. त्याचा मुलगा अजिंक्य चाकणला एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिथेच क्वालिटीला काम करणारी तेजस्विनी त्यानं पसंत केली. मुलगी चाकणजवळच्याच गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. दोन्ही घरांना पसंत. साखरपुड्याची तारीख काढायला पत्रिका गुरुजींकडे गेली आणि तिथे अडली. मुलीचं नक्षत्र मूळ, पहिला चरण. मूळ नक्षत्रावरची सून सासऱ्याला वाईट.

सासरा म्हणजे पिंटू. पिंटूनं ते हसण्यावारी नेलं. पण त्याचे आणि भाग्यश्रीचे वडील, पंचाहत्तरी ओलांडलेले मारुतराव, बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "मी हाय तवर ही सोयरीक व्हायची न्हाई."

भाग्यश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातला चहाचा ट्रे तिनं तसाच ओट्यावर नेऊन ठेवला.

कारण तीही मुळावरचीच होती. म्हणून तर आजीनं हट्टानं तिचं नाव भाग्यश्री ठेवलं. बाविसाव्या वर्षी तिला कासारवाडीत दिली. तिथल्यांनी पत्रिका फारशी बघितली नव्हती. दीड वर्षानं तिच्या सासऱ्यांच्या स्कूटरला नाशिक फाट्याच्या चौकात टेम्पोनं ठोकरलं आणि ते जागच्या जागी गेले. मग पत्रिका बाहेर निघाली. सासू तिच्या हातचं पाणी घेईना, नवरा मान वर करीना. तेरावं झाल्यावर मारुतराव स्वतः रिक्षा घेऊन तिला न्यायला आले. वाटेत त्यांनी एकच सांगितलं, "तुझा दोष न्हाई पोरी. दोष त्या टेम्पोवाल्याचा." पुढे तिनं अर्धवट राहिलेलं बीएस्सी पुरं केलं, घटस्फोट घेतला, तारांगणात नोकरी धरली. गावात कुणी काही बोललं, तरी बापाच्या त्या वाक्यावर तिनं सगळं रेटलं होतं.

तोच बाप आता दुसऱ्याच्या मुलीला मूळ म्हणून नाकारत होता.

तिनं आधी नीट समजावून पाहिलं. जेवताना, दवाखान्यात रांगेत बसल्यावर, गच्चीवर. मारुतराव ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तू म्हणतीस ते खरं असंल." पुढे काहीच नाही. भिंतीशी भांडल्यासारखं व्हायचं. शेवटी तिनं ठरवलं, यांना डोळ्यांनीच दाखवायचं. तारांगणाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, साहेबांची परवानगी काढून ती वडिलांना, आप्पांना, घेऊन गेली. इतक्या वर्षांत ते दोनदाच आले होते, दोन्ही वेळा झोपले होते.

तिनं त्यांना मधल्या रांगेत बसवलं आणि तेजस्विनीची जन्मतारीख, वेळ, गाव टाकलं. छतावर त्या रात्रीचं आभाळ उगवलं.

"आप्पा, हा विंचू. खाली त्याची वळलेली नांगी दिसते का?"

"व्हय. सपष्ट दिसतीया."

"त्या नांगीतले हे तारे म्हणजे मूळ नक्षत्र. विंचवाच्या अंगातलं आहे. पण पत्रिकेत मूळ कुठल्या राशीत धरतात?"

"धनूत."

"धनू ही इकडे, शेजारी. आणि ती जन्मली तेव्हा चंद्र इथे होता." तिनं बाण हलवला. "ही ना विंचवाची हद्द, ना धनूची. हा भुजंगधारी. पंचांगाच्या राशींत याचं नावच नाही. म्हणजे तारे एकीकडे, रास दुसरीकडे, चंद्र तिसरीकडे. आणि कागदावर लिहिलंय, चंद्र मुळात, रास धनू. हे बघून तुम्ही एका पोरीचं लग्न मोडणार?"

मारुतराव मान वर करून बराच वेळ बघत राहिले. या खेपेला ते झोपले नव्हते. मग सावकाश म्हणाले, "येगळं हाय खरं. पर गुरुजी काय आभाळ बघून सांगत्यात व्हय? त्यांचं गणित येगळं. सरकारी मोजणीत शिवाराचे गट पाडत्यात, तवा वढा कुठं वळतो ते कोण बघतं? आकडा पडला की पडला."

भाग्यश्रीला संताप आला तो यासाठी, की म्हातारा चुकीचं बोलत नव्हता. तुकडे मापाचे आहेत, ताऱ्यांचे नाहीत, हे ती स्वतःच रोज माईकवर सांगत होती. वरचा चंद्र कुठेही दाखवला, तरी त्या मापाला धक्का लागत नव्हता. त्या मापानं माणसं मरत नाहीत, हे दाखवायला तिच्या यंत्रात बटण नव्हतं.

"बरं, गणित वेगळं," ती म्हणाली. "पण त्या आकड्यानं पिंटूला काही होईल, हे कशावरून?"

मारुतराव खुर्चीत हलले. "कशावरून म्हंजे? तुझा सासरा गेलाच की."

वर आभाळ संथपणे फिरत होतं.

"म्हणजे आप्पा, तुम्हालाही तसंच वाटत होतं?"

"मी कवा बोललो का तुला?"

"नाही. बोलला नाहीत."

"मग."

तिनं दिवे लावले. परतताना काळेवाडीच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा मारुतरावांनी उसाचा रस प्यायचा का विचारलं. ती नको म्हणाली.

पुढचे काही दिवस ती घरात सगळ्यांवर खेकसत होती. अजिंक्यला तिनं सांगितलं, सरळ नोंदणी लग्न करा, मी साक्षीदार म्हणून सही करते. अजिंक्य सेकंड शिफ्टला निघाला होता. बूट घालता घालता म्हणाला, "आत्या, मला लग्न करायचंय. आभाळ दुरुस्त करायचं नाहीये." त्यालाही राग आला असावा, कारण त्यानं दार जरा जोरातच ओढलं.

मार्ग पिंटूनं काढला, त्याच्या पद्धतीनं. तो गुरुजींकडे जाऊन बसला आणि म्हणाला, धोका मला हाय ना, मग तोडगा पण मलाच सांगा. गुरुजींनी मूळशांती सांगितली. मारुतरावांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. घरात एकदम हलकं वाटायला लागलं. भाग्यश्रीला वाटलं, आपण एवढा घसा कोरडा केला तो कशासाठी? लग्न तर जमलं होतं. हवं ते झालं होतं, पण तिला नको त्या कारणानं. कुणापुढे तक्रार करायची, तेही कळत नव्हतं.

शांतीच्या आदल्या दिवशी तेजस्विनीचा फोन आला.

"आत्या, तुमच्या बाबतीत काय झालं ते अजिंक्यनं सांगितलं. मी बसते शांतीला, त्याचं मला काही नाही. पण उद्या खरंच कुणी आजारी पडलं, काही झालं, तर?"

भाग्यश्रीच्या तोंडाशी ग्रह, तारे, अपघातांची आकडेवारी, सगळं आलं.

"तर पहिला फोन मला कर," ती म्हणाली. "आणि घर सोडून जाऊ नकोस. मी सोडलं होतं."

शांतीला ती गेली नाही. शाळेची सहल आहे म्हणून कामावर गेली, आणि सहल खरोखरच होती. संध्याकाळी आली तेव्हा पाहुणे गेले होते आणि मारुतराव बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट त्यांनी बोटानं दाखवलं.

"बेस झालं सगळं," ते म्हणाले. "आता पिंटूची काळजी न्हाई."

"शांती केली म्हणून?"

"व्हय."

"माझीही केली होती, आप्पा. मी पाळण्यात असताना. आईनं सांगितलं होतं मला."

मारुतरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तिला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. अठ्ठावीस वर्षांचं काहीतरी.

"तवाच्या गुरुजीला नीट येत नसंल," ते म्हणाले.

भाग्यश्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते अगदी मनापासून बोलत होते. ती मोरीत जाऊन हातपाय धुऊन आली, ताटावरचं झाकण काढलं आणि भात गार झाला होता तरी तसाच कालवून जेवायला बसली.