दोर ढिले करा

नव्वदीच्या दशकातला मे महिना. आमची कंपनी बंगलोरला, शिवाजीनगरजवळच्या छावणीत होती आणि मी कंपनी हवालदार मेजर. त्या रविवारी जवानांच्या कुटुंबांसाठी चहा-फराळ होता. परेड ग्राउंडवर सकाळी आठला मोठा तंबू उभा केला, तो लान्स नायक शिवाप्पाच्या देखरेखीखाली. शिवाप्पा बेळगावकडचा, तंबूच्या कामात पक्का.

सुती दोर भिजला की आखडतो आणि खुंटी उपटतो. म्हणून पाऊस यायच्या आधी दोर ढिले करायचे, हे आम्हाला रंगरूट असल्यापासून घोकवलेलं. मीही ते कित्येक पोरांना शिकवलं होतं आणि त्याचा मला तोरा होता.

चार वाजून दहा मिनिटांनी आभाळ काळं झालं. आत चाळीसेक बायकापोरं होती.

"दोर ढिले करा," मी म्हणालो.

"साब, स्वल्प थांबू. पावसाआधी वारं येतंय," शिवाप्पा म्हणाला.

"हुकूम आहे."

"सरी, साब." ठीक आहे म्हणायची ही त्याची रीत.

दोर ढिले झाले आणि वारा आला. पावसाचा थेंब नव्हता. असा वारा मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. बराकीवरचे पत्रे उडाले, मोठमोठी झाडं मुळासकट आडवी झाली. तंबू फुगून वर उचलला गेला आणि मधला खांब डुलू लागला. शिवाप्पाने धावत जाऊन खांबाला मिठी मारली. "बाहेर! समदी बाहेर!" तो ओरडला. शेवटचं पोर मी बाहेर काढलं तेव्हा खांब शिवाप्पाच्या अंगावर कोसळला.

वायरलेसवर अ‍ॅम्ब्युलन्स मागितली.

"रस्त्यावर झाडं पडलीत. एक तास लागेल. ओव्हर."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो माझ्या मांडीवर गेला. चौकशीत कारण लिहिलं गेलं, वादळ. मी खाली सही केली. भित्रेपणा होता तो.

रिटायर झाल्यावर बंगलोरातल्याच के. आर. पुरमला, त्याची बायको राहायची त्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. मी उंबऱ्यातच म्हणालो, "वहिनी, दोर ढिले करायचा हुकूम माझा होता. त्याने मला अडवलं होतं."

"ठाव हाय. मी तंबूतच हुते की. ऐकलं समदं."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

"त्यांनी सरी म्हटलं हुतं न्हवं? मग मी काय बोलणार? बसा अण्णा, चहा टाकते."

मी बसलो.

लान्स नायक शिवाप्पा एकोणतीस वर्षांचा होता. चौकशीच्या कागदात जे राहिलं ते इथे लिहून ठेवतो. हुकूम माझा होता, आणि तो चुकला होता.