उलट्या पट्टीचं कलम

"जेवता कुठल्या हातानं?" डॉक्टरनं विचारलं.

"उजव्या!" नाथाजीनं ताठ मानेनं सांगितलं.

"सही?"

"ती बी उजव्याच."

साताऱ्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बसलेल्या बोर्डासमोरची ही गोष्ट. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेल्या दिवाळीत कडबाकुट्टीनं नेलेली. डॉक्टरनं कागदावर 'नेहमीचा हात : उजवा' असं लिहिलं, आणि त्या दोन खऱ्या उत्तरांनी माणसाचं वाटोळं झालं.

कारण नाथाजी जन्माचा डावरा. उंब्रजच्या अलीकडं त्याचं गाव. लहानपणी डावा हात ताटाला लागला की आई उलथन्याचा दांडा घालायची. "त्या हातानं काय धुत्यात, ठावं हाय न्हवं? उजव्यानं खा!" शाळेत गुरुजी डावा हात खिशात घालायला लावून उजव्यानं पाटी गिरवून घ्यायचे. पाचवीला जाईतोवर पोरगं उजव्यानं जेवू लागलं, लिहू लागलं, आरती घेऊ लागलं. सगळ्यांना वाटलं, सुधारलं. नाथाजीलाही तसंच वाटायचं. डावरा म्हटलेलं त्याला आजही खपत नाही.

पण हातात सुरी आली की ती आपसूक डाव्या मुठीत जायची. कवठे महांकाळकडं मामाच्या गावी तो द्राक्षाची कलमं भरायला शिकला. काडीला पाचर काढायची, खुंटाला चीर द्यायची, पाचर चिरीत बसवायची, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. ऑगस्ट लागला की तिकडच्या बागाईतदारांचे फोन सुरू. हजारातली पाच-सहाच मरायची. खोड एवढीच की पट्टीचा वेढा सगळ्या जगाच्या उलटा. कलम फुटलं की पट्ट्या सोडणाऱ्या बाया शिव्या घालायच्या, "आला बघा ह्यो नाथाजीचा उफराटा कारभार!" नाथाजी मिशीत हसायचा.

दाखल्यावर छत्तीस टक्के आले. चाळीस भरले असते तर स्टँडजवळचा अपंगांसाठी राखीव गाळा मागता आला असता. तिथं रोपं विकायची, चार लोकांना कलमाचं शिकवायचं, एवढंच त्याचं उरलं होतं. कामाचा हात गेला असेल तर चार टक्के जादा धरतात, हे त्याला मागाहून कळलं. सांगितलं प्रियदर्शनीनं. कराडच्या दवाखान्यात ती त्याच्या हाताचा व्यायाम घ्यायची.

"काका, उजव्या हाताची सवय निराळी आणि कसब निराळं," ती म्हणाली. "डाव्या हाताला हुकूम सुटतो मेंदूच्या उजव्या बाजूकडनं. आईनं जेवायचा हात बदलला, मेंदू थोडाच बदलला? तुमची सुरी अजून तिथंच आहे."

"म्हणजे अंगठा न्हाई, पर त्येची जागा हाय?"

"आहे."

"मग रातचा गेलेला अंगठा सुरी धरतुया, ते काय याड न्हवं तर," नाथाजी म्हणाला. परसात त्यानं उजव्या हातानं साठ कलमं भरून पाहिली होती. एकही फुटलं नव्हतं.

प्रियदर्शनीनं चिठ्ठी दिली. बोर्डाच्या खिडकीवरच्या बाबूनं ती वाचलीसुद्धा नाही. "खासगी चालत नाही. फेरतपासणीला या, पुरावा आणा."

डावरेपणाचा पुरावा कुठला आणायचा? जितक्या कलमांना त्यानं जीव दिला, त्या सगळ्यांच्या पट्ट्या सुटून उकिरड्यात गेलेल्या. पट्टी राहते ती फक्त मेलेल्या कलमावर. हे सुचलं त्या दिवशी नाथाजी जेवला नाही. सकाळी एसटी धरून कवठे महांकाळला आदगोंडा पाटलाच्या बागेत गेला.

"आण्णा, माझं मेलेलं कलम पायजे."

पाटील हसला. "आरं, तुझं मेलेलं हुडकायला इथं दिवस मोडंल. जित्तं न्हे की गड्या, दोन एकर हाईत!"

"जित्त्यावर माझा हात दिसत न्हाई, आण्णा."

पाटलाचं हसू गेलं. दोघं ओळीनं ओळ फिरले. दुपार कलताना ओढ्याकडच्या कडेला एक वाळका खुंट सापडला. पट्टी उन्हानं विटलेली, वेढा उलटा. ज्याची जन्मभर लाज वाटावी ते लाकूड नाथाजीनं कापून धोतराच्या फडक्यात गुंडाळलं.

फेरतपासणीला बायको बनुबाई सोबत होती. नाथाजीनं फडकं सोडून लाकूड टेबलावर ठेवलं. पट्टी कशी फिरते, उजव्या हाताचा माणूस अशी का आवळू शकत नाही, सगळं सांगितलं. डॉक्टर कॉम्प्युटरकडं बघत होता.

"लाकडं काय आणता हो? कागद आणा. घ्या हे."

कॉम्प्युटरवरची नजर न काढता त्यानं खुंट पुढं केला. नाथाजीचा डावा हात आधी गेला. बिनअंगठ्याच्या पंजातून लाकूड निसटलं, फरशीवर पडलं. वाकून त्यानं ते उजव्यानं उचललं.

नेमकी तेवढ्यात डॉक्टरची मान वळली. "उजवा झकास चालतो की!"

"आवं सायेब, पैला डावा ग्येला!" बनुबाई ओरडली. "आत्ता ग्येला, तुमच्या म्होरं! मी बघितला!"

"तुम्ही बघून काय उपयोग, मावशी? पुढचा!"

छत्तीसचे छत्तीसच राहिले. गाळा पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या नावानं लागला.

फेरतपासणीच्या त्या दुपारी दोघं सातारच्या स्टँडवर बाकड्यावर भाकरीची पुरचुंडी सोडून बसले. नाथाजीनं चाळीस वर्षांत पहिल्यांदा डावा हात पुढं केला, राहिलेल्या दोन बोटांनी भाकरीचा तुकडा मोडायला बघितला. भाकरी सरकत राहिली. शेजारचा माणूस वळून बघायला लागला.

"उजव्यानं खावा," बनुबाई हळूच म्हणाली. "लोकं बघत्यात."

त्यानं डावा हात खिशात घातला, आणि उजव्यानं खाल्लं.