विगच्या टोकाची गाठ

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इथले अनुभव रोज वाचते, पण स्वतः लिहायची ही पहिलीच वेळ... चुकलं-माकलं सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की बाया पाया पडायला धावायच्या आणि मी मागे उभी राहून बघायचे, हिची पापणी हलते का. मला भीती वाटते ती जिवंत माणसांची. कुणी रागावेल, कामावरून काढेल, याची. आणि हे घडत होतं तेव्हा यात मेलेलं कुणी नव्हतंच. तिथेच माझं डोकं चालत नाही.

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात. २०१४ ला मावशीने मला डहाणू रोडला आणलं, काका रेल्वेत होते. स्टेशनजवळ हंसाबेनचं पार्लर. त्यांनी मला झाडू मारायला ठेवलं आणि वर्षभरात हातात कंगवा दिला. आज दोन घास सुखाचे खाते ते त्यांच्यामुळे, हे मी कुठेही सांगेन.

पार्लरमध्ये भुवया, फेशियल सगळंच व्हायचं, पण हंसाबेनचं नाव होतं ते विगसाठी. उंबरगाव, तलासरी, बोईसरहून बाया खऱ्या केसांचे विग धुवायला, नीट करायला आणून द्यायच्या. कुणाचे केस आजारात गेलेले, कुणाला चाई पडलेली. पहिल्याच आठवड्यात मी एका विगला खोबरेल चोपडलं. केस म्हटले की तेल, एवढंच मला ठाऊक. जाळी चिकट झाली. हंसाबेन कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे छोकरी, हे झाड नाय, लाकूड आहे. किती पण पाणी घाल, वाढणार नाय."

मग शिकले. गार पाण्यात शॅम्पू कालवायचा, विग नुसता बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा तर नाहीच. कंडिशनर केसांना, जाळीला नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि थर्माकोलच्या डोक्यावर सावलीत ठेवायचा. पूर्ण वाळला की मोठ्या दाताच्या कंगव्याने टोकाकडून वर वर येत विंचरायचा. आणि गाठ पडू द्यायची नाही. गाठ पडली की तिथे केस तुटतो, आणि तुटलेला परत येत नाही.

२०१७ ला झरीच्या शाळेतल्या एक बाई आल्या. राहायला तलासरीला. मोठं आजारपण काढून परत शाळेत रुजू झालेल्या. हंसाबेननी त्यांना खांद्याखाली येणारा काळा विग मागवून दिला. मला म्हणाल्या, "हे गुंतवळीचे केस आहेत. मुळं-टोकं उलटीसुलटी झालेली, म्हणून जास्त गुंतणार. जपून."

गुंतवळ म्हटल्यावर मला आईच आठवली. विंचरताना कंगव्यात आलेले केस आई बोटाभोवती गुंडाळायची आणि भिंतीच्या फटीत साठवायची. डोक्यावर पाटी घेऊन केसवाली यायची, केस घ्यायची, भांडं द्यायची. मी डहाणूला निघाले तेव्हा आईने दिलेला स्टीलचा डबा असाच आलेला. त्याच डब्यात मी दुकानात जेवायचे.

बाई पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी अर्धी शाळा करून यायच्या, विग ठेवायच्या, डोक्याला रुमाल बांधून परत जायच्या आणि रविवारी संध्याकाळी न्यायच्या. दुपारी दुकान बंद. हंसाबेन वर घरी जेवून झोपायच्या, मी अर्धं शटर ओढून खाली असायचे.

तिसऱ्या की चौथ्या वेळेला - नक्की आठवत नाही - रविवारी विंचरायला घेतला तर सगळे केस मागे एकत्र आणि टोकाला गाठ. मला वाटलं हंसाबेननी बांधली असेल. सोडवली. पंधरा दिवसांनी परत. तेव्हा हंसाबेननीच बघितली.

"मंगल, ही गाठ कोणी मारली?"

"मला वाटलं तुम्ही..."

"मी? पंचवीस वरसाची सवय माझी, मी केसाला गाठ मारणार?" त्यांनी टोकं उजेडात धरली. सात-आठ केस अर्ध्यात तुटलेले. "मास्तरीणबाईंकडे दुसरा विग नाय. परत दिसली ना, तर तू विगला हात नाय लावायचा. गंजाडची एक पोरगी कधीची काम मागते."

आणि मी तर ती गाठ ओळखली होती.

आमच्याकडे न्हाल्यावर मोकळ्या केसांनी उंबऱ्याबाहेर जायचं नाही, टोकाला गाठ मारायची, म्हणजे वाटेवरचं काही मागे लागत नाही. सगळ्या बाया मारतात. पण आईची गाठ वेगळी. बोटं जिभेला लावून ओली करायची, दोन वेढे घालायची आणि उरलेलं टोक उलटं वर खोचायची. माझ्या केसांना तिने ती हजारदा मारली असेल. विगची गाठ तशीच होती... दोन वेढे, टोक वर.

मला वाटलं मीच करते की काय, नकळत. हात सवयीने फिरत असतील. म्हणून पुढच्या वेळी विग आला तेव्हा रविवारी मी त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसले. दुपारचा लख्ख उजेड, पंखा बंद. केस मोकळे, कोरडे, मी हात लावून बघितले. जेवताना उजवा हात डब्यात आणि डावा मांडीखाली दाबून ठेवलेला, हसू नका. जेवून झालं. डब्याचं झाकण खाली पडलं, ते उचलायला वाकले आणि वर बघितलं...

गाठ होती. टोक अजून हलत होतं. बोट लावलं तर केस सगळे कोरडे आणि गाठ तेवढी ओली.

मी ओरडलेबिरडले नाही. हळूहळू सोडवली, विंचरला, बाईंच्या हातात दिला. देतानाही मी टोकच चाचपत होते. बाईंनी बघितलं. हंसाबेन गिऱ्हाईकात होत्या. बाई मला बाकावर घेऊन बसल्या.

"मंगल, तुला एक विचारू? हसू नकोस. मी फळ्यावर लिहीत असते ना, तेव्हा मागून कुणीतरी माझे केस गोळा करतं."

"पोरं खोड्या काढत असतील, बाई."

"पहिलीची पोरं. त्यांचा हात माझ्या कमरेपर्यंतच पोचतो. आणि हात बाईचा आहे, खरखरीत. केस गोळा करतो, थोडा थांबतो, आणि सोडून देतो. जसं काही जवळून बघितल्यावर त्या बाईला कळतं, ही आपली नाही."

मी त्यांच्या हातातल्या विगकडे बघत राहिले.

"मला भीती नाही वाटत गं," बाई म्हणाल्या. "आजारानंतर माझ्या डोक्याला कुणी हात लावत नाही. घरातले पण जपून वागतात. बरं वाटतं मला."

तीन वर्षं मी गावाला गेले नव्हते. भाऊ फोनवर म्हणायचा, "माय इचारती, कवा येतीस?" मी म्हणायचे, दिवाळीला. दोन दिवाळ्या अशाच गेल्या. सुट्टी मागितली तर जागा जाईल, ही एकच धास्ती. त्या संध्याकाळी मी स्वतः फोन लावला. वहिनीने उचलला. ती आईला, म्हणजे सासूला, आत्याबाई म्हणते.

"आत्याबाई बऱ्या हायेत म्हणायचं. तुमी घाबरताल म्हून सांगितलं न्हाई. उजवा हात निसता लुळा पडलाय दोन महिने. वळख बी कमी झालीय. पर दुपारी झोपंत ते हात उचलत्यात, काय करत्यात देव जाणं."

मी रडतच हंसाबेनना सगळं सांगितलं. गाठीचं पण सांगितलं. वाटलं, आता खोटारडी म्हणून काढणार. त्यांनी हातातला कंगवा खाली ठेवला. म्हणाल्या, "गाठीचं मला नाय समजत. पण आई समजते. जा. तुझी जागा कोणाला देत नाय मी." आणि विग धुवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

दोन गाड्या आणि एक एसटी करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. आई बाजेवर. डोळे मिटलेले. आणि तो लुळा हात... वर उचललेला. दोन्ही हात हवेत. बोटं जिभेला लागली, मग हवेतच काहीतरी गोळा केलं, दोन वेढे, आणि टोक वर खोचायच्या जागी हात अडला. परत पहिल्यापासून. वहिनी म्हणाली, "शनवार-रैवारी तर लईच."

मी अंबाडा सोडला, तिच्याकडे पाठ करून बाजेच्या कडेला बसले आणि केस तिच्या हातात दिले. हात थांबले. मग तिने केस चाचपले, थेट मुळापर्यंत. गाठ मारली. टोक वर खोचलं. आणि म्हणाली, "मंगे, न्हालीस का?"

एवढंच. त्यानंतर तो हात परत कधी उचलला गेला नाही. मी रोज तिच्या उशाशी केस घेऊन बसायचे. आई जायच्या आधी बारा दिवस मिळाले मला.

डहाणूला परत आले तेव्हा हंसाबेन म्हणाल्या, त्यांनी दोनदा विग धुतला, गाठ एकदाही नाही. बाई आल्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच विचारलं, "ती आता येत नाही गं. काही झालं का?" मी सांगितलं. बाईंनी मला जवळ घेतलं आणि माझ्याआधी त्याच रडल्या.

त्या विगमध्ये आईचा एखादा केस होता का? कसं सांगणार. लाखो बायांची गुंतवळ एकत्र होते, कुठून कुठे जाते. आणि असला तरी लुळा हात इतक्या लांब कसा पोचला? फोनवर बोलावून मी आले नाही म्हणून का? तुमच्यात कुणी शिकलेलं असेल, त्यांनी सांगावं.

२०१९ ला बाईंचे स्वतःचे केस मानेपर्यंत आले. विग त्यांनी मला देऊन टाकला. तो कुणी घालत नाही, तरी मी पंधरा दिवसांनी धुते, गार पाण्यात, न चोळता. वाळला की बोटं ओली करून टोकाला गाठ मारते. दोन वेढे, टोक वर. त्याने केस तुटतात हे मला माहीत आहे. हंसाबेन बघतात, आणि तोंड फिरवून दुसऱ्या कामाला लागतात.